पत्त्याला एकच ओळ

प्रश्न १. आईचं नाव, वय, कितवं बाळंतपण

रूपाली. बावीस. पहिलं.

एवढं लिहून संघमित्रानं पेन थांबवलं. वरणगावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पंखा कुरकुरत फिरत होता आणि खाटेवर बसलेली रूपाली पंख्याकडेच बघत होती. तिचं बाळ दोन दिवस जगलं होतं. मुलगी. नाक-डोळे रेखीव, बोटं लांबसडक, पण कमरेच्या वर पाठ उघडी. आईच्या पोटात मणक्याच्या दोन कडा एकमेकींना येऊन मिळायला हव्यात, त्या मिळाल्याच नव्हत्या.

अशा बाळांची नोंद ठेवायची आणि ती तशी का झाली याचा माग काढायचा, हे संघमित्राचं काम. एका वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रकल्प. जळगाव आणि धुळे असे दोन जिल्हे. अकरा पानांचा फॉर्म, करारावरची नोकरी आणि स्वतःची स्कूटी. दुभंगलेल्या ओठांची, वळलेल्या पावलांची, हृदयाला भोक असलेली बाळं तिच्या फॉर्मवर येत. दोन वर्षांत तिचा हात सरावला होता. उघड्या पाठीच्या बाळापाशी मात्र पेन अजून थांबे.

बहुतेक प्रश्नांना चारच उत्तरं. १ हो. २ नाही. ८ सांगायला नकार. ९ माहीत नाही.

"गोळ्या घेतल्या होत्यास, फॉलिकच्या?"

"आशाताईंनी दिल्या तशा घेतल्या."

१.

"सुरुवातीला खूप ताप वगैरे?"

"नाही."

२.

"फवारणीच्या दिवसांत शेतात गेली होतीस का गं?"

"नवी नवरी होते, ताई. उंबऱ्याबाहेर कोण सोडतंय?"

२.

"नवऱ्याशी आधीचं काही नातं?"

"काहीच नाही."

२.

"मग कशानं झालं?"

हा प्रश्न रूपालीचा होता. त्याच्यापुढे रकाना नव्हता.

संघमित्रानं फॉर्म मिटला, पाणी मागितलं. रूपालीची आई आत गेली तशी तीही मागोमाग गेली, कारण खाटेसमोर बसवत नव्हतं. स्वयंपाकघराच्या फळीवर एक मोठा स्टीलचा डबा होता, आजूबाजूच्या भांड्यांहून नवा, आणि झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव: सौ. रूपाली, मोहदळे.

"हा तिच्या सासरचा," आई म्हणाली. "सुनेला बाळंतपणाला धाडताना डबाभर दादरचं पीठ देतात त्यांच्यात. घरच्या दादरचं. जरा काळपट आहे, पण दिलं प्रेमानं. आता तुम्हीच सांगा, डबा परत कसा करायचा? रिकामा देता येत नाही, आणि भरून तरी काय देऊ?"

संघमित्रा डब्याकडे बघत राहिली. दादर म्हणजे इकडची रब्बीची ज्वारी, पिठाचं काही नवल नव्हतं. पण हा डबा तिनं आधी बघितला होता. पारोळ्यात, टीव्हीच्या कपाटाशेजारी. शिरपुरात, जिन्याखाली, त्यात पोळ्या ठेवत. नावं वेगळी. गाव तेच.

मोहदळे हे तिच्या धाकट्या बहिणीचं, सपनाचं सासर होतं. आणि सपनाला दिवस गेले होते.

प्रश्न ४. पत्ता

इथं जरा मागं जायला हवं.

फॉर्म दिल्लीहून छापून आला होता आणि त्यात पत्त्याला एकच ओळ होती. खान्देशात पहिलटकरणीला दोन पत्ते असतात. सातवा महिना लागला की ती माहेरी येते, बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की सासरी जाते. प्रकल्पाच्या पहिल्या सहामाहीत निम्म्या बाया सापडतच नव्हत्या. पत्त्यावर सासरचं गाव, आणि बाई माहेरी. आशाताई कंटाळल्या, प्रकल्पप्रमुख डॉक्टर किरण मॅडम वैतागल्या. तेव्हा संघमित्रानंच तोडगा काढला. बैठकीत उभी राहून म्हणाली, "जिथं बाई सापडेल, तो पत्ता लिहा."

साधं होतं. शहाणपणाचं होतं. शंभरातल्या पंचाण्णव बाया सापडायला लागल्या. किरण मॅडमनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं, आणि कार्यालयाच्या भिंतीवरच्या नकाशात बाळागणिक टाचणी टोचली जाऊ लागली. उघड्या पाठीच्या बाळाला लाल टाचणी. चाळीसगाव, पारोळा, साक्री, वरणगाव, शिरपूर. सगळीकडे एखाददुसरी. मॅडम नकाशापुढे उभ्या राहत आणि म्हणत, "विखुरलेलं आहे. गुच्छ नाही. बरं आहे."

प्रश्न ४. पत्ता (खोडून पुन्हा)

आता तिथून थोडं पुढं. गेल्या फेब्रुवारीत सपनाला मोहदळ्याचं स्थळ आलं. मुलगा प्रशील, वीज मंडळात वायरमन, वडील भिका आबा, चार एकर शेती, आई कौतिकबाई. चाळीसगावच्या घरात दोन्हीकडची माणसं दाटीवाटीनं बसली होती. पोहे झाले, चहा झाला.

"ताई कुठे गेली?" सपनानं आतून विचारलं.

ताई मागच्या दारी होती. फोनमध्ये नकाशाचा फोटो मोठा करून बघत होती.

"अगं, तू मुलगा बघतेयस की विहीर खणायची जागा?"

"मुलगा तू बघ. मी गाव बघते."

मोहदळ्याला एकही टाचणी नव्हती. लाल नाही, पिवळी नाही, निळी नाही. तीन हजार वस्तीचं गाव आणि कोरं करकरीत. संघमित्रा आत आली, आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "गाव चांगलं आहे."

आई, कलाबाई, लेकीच्या नोकरीला फार मानायची. तिचा चेहरा उजळला. त्यात कौतिकबाईंनी आपण होऊन विषय काढला.

"बायतपणनी चिंता करू नका. चौथा महिना लागना का पोरले धाडी देसूत. पह्यलंबी माहेरले, दुसरंबी माहेरले."

पाहुणे गेल्यावर कलाबाई किती तरी वेळ तेच बोलत होत्या. "कितला चांगला माणसं शेतस व माय! लोके सातवाले धाडाले कुरकुर करतस, आन ह्या चौथाले धाडतस!"

लग्न मे महिन्यात लागलं.

प्रश्न ४. पत्ता (सासरचा). फॉर्मवर हा प्रश्न नाही.

वरणगावहून आली त्याच दुपारी तिनं फोन लावायला घेतले. दोन वर्षांत उघड्या पाठीची तेवीस बाळं. तेवीस आशाताई.

"साक्रीची ती बाई, सासर कुठलं तिचं?"

"नाशिककडचं, ताई."

बरं वाटलं.

"पारोळा?"

"मोहदळे."

"शिरपूर?"

"थांबा हं, डायरी बघते. मोहदळे. का हो?"

"काही नाही. चोपडा?"

"इथलंच, गावातल्या गावात."

"चाळीसगाव, स्टेशनामागची?"

"ती होय? बिचारी. मोहदळ्याला दिली होती. दुसरं बाळंतपणही माहेरीच झालं तिचं, आणि ते बाळही तसंच."

"दुसरंसुद्धा माहेरी?"

"सासरचे फार हौशी हो."

संध्याकाळपर्यंत तेवीस झाले. संघमित्रानं नकाशातल्या टाचण्या उपटल्या आणि सासरच्या गावी टोचायला घेतल्या. सोळा पुन्हा विखुरल्या. सात मोहदळ्याला आल्या. नकाशावर ते गाव हरभऱ्याच्या दाण्याएवढं, सात टाचण्या मावेनात. शेवटच्या दोन शेजारच्या शिवारात टोचाव्या लागल्या.

किरण मॅडम पर्स घेऊन निघाल्या होत्या. दारात थबकल्या.

"हे काय?"

"सात."

"पुन्हा मोज."

"तीनदा मोजले, मॅडम."

मॅडमनी पर्स खाली ठेवली. दोन वर्षांत त्या गावच्या सुनांची बाळंतपणं झाली असतील फार तर शंभर. शंभरात सात. त्यांनी हिशेब तोंडातल्या तोंडात केला आणि मोठ्यानं सांगितला नाही.

"पाणी, माती, धान्य, सगळ्याचे नमुने घे. आणि एवढ्यात कुणाला काही बोलू नकोस. गाव बिथरलं की कुणी दार उघडणार नाही."

"माझी बहीण तिथं आहे, मॅडम."

"किती आठवडे?"

"दहा."

मणका मिटतो तो सहाव्या आठवड्यात. बहुतेक बायांना तोवर पाळी चुकल्याचीसुद्धा नीट खात्री नसते. हे दोघींनाही माहीत होतं.

प्रश्न १७. पिण्याचं पाणी

मोहदळे गाव देखणं निघालं. सिमेंटचा रस्ता, शाळेला रंग, दारोदार तुळस नाही तर मोगरा. धुळ्याहून येताना शेवटच्या वळणावर कपाशीच्या रांगा इतक्या सरळ की बघत राहावं. बाया नळावर हसतखिदळत होत्या. एकीनं स्कूटी थांबवली.

"सपनानी बहीण का व तू? नाकवरथीन वळखनी!"

भिका आबा ओट्यावर उभेच होते. "जयभीम बेटा. ये, बस. पानी पे. आम्हना पानीसारखं पानी बठ्ठा तालुकामा नही."

तिच्या पिशवीत नमुन्याच्या अठरा बाटल्या होत्या आणि हातात त्याच पाण्याचा पेला. आबा बघत होते. तिनं पाणी प्यायलं. गोड होतं. खरंच गोड होतं.

सपना आतून आली, अंग जरा भरलेलं, गालांवर तेज. "नमुने घ्यायला आलीस की मला बघायला?"

"दोन्ही."

"बघून घे मग. उलट्या थांबल्या. भाकर गोड लागायला लागली. सासूबाई माझ्याकडून काडी उचलू देत नाहीत. मी तर म्हणते, तूही याच गावात ये. दीर आहे अजून लग्नाचा."

"आता कुठला?" कौतिकबाई सुपातून डोकं वर काढून म्हणाल्या. "आकाशनं जमी गयं. पोरगी वरणगावनी. सोनल. डिसेंबरमा लगन."

त्या दादर पाखडत होत्या. संघमित्रानं सुपात हात घातला. दाणे राखाडी होते, काहींवर काळे ठिपके, काही बोटांत दाबले की भुकटी होणारे. वास जुन्या गोणपाटाचा.

"मावशी, ही अशी का?"

"काढणीले पानी पडस ना. तीन साल व्हयनात, दर सालले पडस. काळी पडी जास. धोई लिधी, वाळाडी लिधी, का काई व्हत नही."

"विकत का नाही?"

"काळी कोन लेस? चांगली इकी टाकतस, काळी घरमा." मग हसल्या. "रंगले काय करनं शे? पोटमा समदी सारखीच."

प्रश्न १९. घरातलं धान्य: (१) घरचं (२) रेशनचं (३) विकतचं

सातही फॉर्मवर १. संघमित्राला आठवलं, हा आकडा लिहिताना दर वेळी तिला बरं वाटलं होतं. घरचं. म्हणजे निर्भेळ.

ते धान्य कसं, हा पुढचा उपप्रश्न नव्हता.

(प्रश्न नसलेलं एक पान)

जेवणं झाली. ताटात दादरची भाकर होती. संघमित्रानं अर्धी खाल्ली, अर्धी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली, नमुना म्हणून. सपनानं दोन खाल्ल्या. तिच्या हातातली काढून घ्यावी असं संघमित्राला वाटलं. काढून घेतली नाही. काय सांगून घेणार होती?

मग ओट्यावर ती आबांसमोर बसली आणि मॅडमची आज्ञा मोडली.

"आबा, तुमच्या गावातल्या सुनांची सात बाळं तशी जन्मली. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

आबांनी पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. घरात भांड्यांचा आवाज थांबला.

"नऊ," ते म्हणाले.

"काय?"

"सात नही बेटा, नऊ. तीन साल पह्यले दोन आठेच व्हयनात, गावमा. तुम्हनं हापीस तवय नव्हतं." ते आता हळू, जपून बोलू लागले. "मंग बठ्ठा गावनं ठरनं. आठली, ह्या गावनी जागा बायतपणले लाभत नही. ज्यानी त्यानी सून माहेरले धाडानी. सातव्याले नही, चौथाले. जितलं लवकर तितलं बरं. आम्ही काय पोरीस्ना वैरी शेतस का?"

आता कुठे संघमित्राला सगळं दिसलं. ते लपवत नव्हते. वाचवत होते. बाळ जिथं जन्मतं तिथंच त्याचं काहीतरी बिघडतं, असं धरून अख्खं गाव आपल्या सुनांना चौथ्या महिन्यात पीठ भरलेल्या डब्यासकट गावाबाहेर काढत होतं. आणि तिकडे जळगावात, भिंतीवरच्या नकाशापुढे, संघमित्रानंही बाळ जन्मतं तिथंच टाचणी टोचली होती. चूक एकच. दोन्हीकडून मिळून केलेली.

"आबा, जन्माच्या जागेनं काही होत नाही. जे व्हायचं ते दुसऱ्या महिन्यातच होऊन जातं. इथंच. चौथ्या महिन्यात धाडून..." तिनं वाक्य तोडलं.

दारात सपना उभी होती. तिच्यामागे कौतिकबाई. कौतिकबाईंनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि उंबऱ्यावर बसून घेतलं.

"कशामुळे होतं?" सपनानं विचारलं.

"माहीत नाही. पाणी असेल, फवारणी असेल. मला ती काळी दादर बरी वाटत नाही. भिजलेल्या धान्यावर बुरशी धरते, ती बाधते असं काही अभ्यासांत आलंय. पण इथं तेच झालं का, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"गावात कशामुळे होतं, ते मी विचारत नाहीये. माझ्या बाळाचं काय?"

संघमित्राला चार आकडे आठवले. चौथाच खरा होता. ९ माहीत नाही.

"काळी खाऊ नका, मावशी," ती कौतिकबाईंकडे वळून म्हणाली. "अहवाल येईस्तोवर तरी."

"मंग काय खावानं?" कौतिकबाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

आबा तिला स्कूटीपर्यंत सोडायला आले. बाटल्यांची पिशवी त्यांनीच उचलली.

"बेटा, तुन्हा कागदवर गावनं नाव लिखू नको. पस्तीस पोरे लगनना शेतस गावमा. नाव निंघनं ते पोरी कोन देई आम्हले?" आणि मग, हँडलवर हात ठेवून, अगदी हळू: "निदान आकाशनं लगन व्हई जाऊ दे. मंग लिख."

प्रश्न २४. नमुन्यांचे अहवाल

पाणी: मर्यादेत.

माती: मर्यादेत.

धान्य: जळगावला सोय नाही. बाहेर पाठवलं. प्रतीक्षा.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"रांग आहे," किरण मॅडम म्हणाल्या. "तोवर फायलीत गावाचं नाव नको. 'गाव क' लिही. सिद्ध झाल्याशिवाय नाव घेतलं तर उद्या आपल्यालाच उत्तर द्यावं लागेल."

"आणि तोवर तिथं ज्यांना दिवस जातील त्यांना?"

"गोळ्या जास्त दे. धान्य बदलायला सांग, पण कारण सांगू नकोस. सरसकट सल्ला म्हणून सांग."

ती सरसकट सल्ला देऊन आली. बायांनी मान डोलावली. पुढच्या फेरीला गेली तेव्हा ओट्यांवर काळी दादर वाळत होती, सगळ्या गल्लीभर, आणि तिच्यावरून कोंबड्या हाकलायला एक म्हातारी बसवलेली होती.

प्रश्न २. प्रसूतीसाठी येण्याची तारीख

चौथा लागला तशी सपना चाळीसगावला आली. प्रशील रिक्षातून सामान उतरवत होता. बॅग, गोधडी, औषधांची पिशवी. शेवटी डबा. कोरा, चकचकीत. सौ. सपना, मोहदळे.

"आईनं यात पीठ नाही भरलं," तो मान खाली घालून म्हणाला. "तांदूळ भरलेत. दुकानातले. रिकामा देववत नव्हता तिला."

कलाबाईंना अजून काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "तांदूळ? डोहाळतुलीले तांदूळ कोन देस व? दादर सरनी काय त्यासनी?"

सपनानं झाकण लावून डबा आत नेला. कलाबाईंना नवल वाटलं.

प्रश्न ११. तपासणी

अठरावा आठवडा पुरा झाला तेव्हा तिला धुळ्याला सोनोग्राफीला नेलं, कलाबाईही बरोबर होत्या. नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीनं फॉर्म पुढे ओढला.

"नाव?"

"सपना प्रशील..."

"पत्ता?"

सपनानं एकदा बहिणीकडे बघितलं. "चाळीसगाव," ती म्हणाली. "बाळंतपण तिकडेच होणार आहे."

खिडकीतल्या मुलीनं लिहिलं. संघमित्रानं खोडायला सांगितलं नाही. सगळं नीट निघालं तर कशाला? असा विचार तिनं केला. तो तिला नंतर आठवणार होता.

प्रकल्पाचं पत्र होतं म्हणून तिला आत जाऊ दिलं. खोली थंड होती. डॉक्टर मध्यमवयाचे, बोलके. "पहिलं का? छान. हा हात. हा बघ, दुसरा. हृदय कसं टकटक करतंय."

सपना हसली. "लाथा मारतंय का?"

"पोहतंय."

मग यंत्र डोक्याकडे सरकलं आणि डॉक्टर बोलायचे थांबले.

त्यांनी चित्र गोठवलं. मोजलं. सोडलं. पुन्हा गोठवलं. संघमित्रा पडद्याकडे बघत होती. बाळाची कवटी अंड्यासारखी हवी. ही कपाळाच्या दोन्ही बाजूंनी आत दबलेली होती. पुस्तकात या आकाराला लिंबाचं नाव आहे. तिनं तो तेवीस अहवालांत वाचला होता. डॉक्टर सवयीनं पुटपुटले, "लिंबू."

"लिंबाएवढं झालं?" सपनानं आनंदानं विचारलं. "एवढंच? मला वाटलं, आंब्याएवढं असेल."

यंत्र पाठीवरून खाली उतरलं. मण्यांची माळ, एकाखाली एक, जुळ्या ठिपक्यांची. मग कमरेशी ते ठिपके एकमेकांपासून दूर गेले, एखादं दार अर्धवट उघडं राहावं तसे, आणि तिथून काहीतरी बाहेर फुगलं होतं.

यंत्राचा पंखा घरघरत होता. सपनानं मान वळवून आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग बहिणीकडे. बहिणीच्या चेहऱ्यावर तिला जे वाचायचं होतं ते तिनं वाचलं.

"पाठ?" तिनं विचारलं.

संघमित्रानं तिचा हात धरला.  

प्रश्न ४. पत्ता

दोघी बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी पुढचं सगळं समजावलं होतं: मोठ्या रुग्णालयात दाखवायचं, काय काय होऊ शकतं, निर्णय तुमचा, घाई नको पण उशीरही नको. सपनानं प्रत्येक वाक्याला मान हलवली होती. रडली नव्हती. कलाबाई दाराबाहेर प्रशीलला फोन लावत होत्या आणि लागत नव्हता.

"ताई, तो तुझा फॉर्म काढ."

"आत्ता नको."

"काढ. मी कितवी?"

"चोविसावी."

पहिलं पान. नाव. वय. कितवं बाळंतपण. मग ती एकच ओळ. संघमित्राचं पेन तिथं थांबलं. 'गाव क'. चाळीसगाव. आबांचा हँडलवरचा हात. गाव चांगलं आहे, असं आईच्या कानात सांगणारा स्वतःचा आवाज.

"आबांना वाईट वाटेल," सपना म्हणाली. "सासूबाई तर माझ्याआधी रडतील. चांगली माणसं आहेत गं. तीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर मी केव्हाच ओरडले असते."

ती उठली. खिडकीपाशी गेली. मघाची मुलगी डबा उघडून जेवायला बसत होती.

"माझा पत्ता चुकलाय," सपना म्हणाली. "चाळीसगाव खोडा. मोहदळे लिहा. तालुका, जिल्हा धुळे."

"बाळंतपण तिकडे होणार का?"

"नाही. झालं ते तिकडे झालं."

मुलीनं खोडलं, लिहिलं. बाकड्यावर संघमित्रानं आपल्या फॉर्मवर तेच लिहिलं, आणि लिहिताना अक्षर मोठं काढलं, 'क'ला जागाच उरू नये एवढं.

सपना परत येऊन बसली आणि फोन हातात घेतला. आकाशच्या लग्नाला बारा दिवस उरले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"कुणाला लावतेस?"

"सोनलला. तिला मीच सांगते. तुझ्या फॉर्मवरून कळायला नको."

"काय सांगशील? अजून अहवाल..."

"मला काय झालं ते सांगीन. त्याला अहवाल लागत नाही."

रिंग वाजली. एकदा, दोनदा. मग पलीकडून गलबला ऐकू आला, बायांचं हसणं, भांड्यांचा खणखणाट, आणि त्यावरून सोनलचा लग्नघरातला उंच, आनंदी आवाज, इतका मोठा की संघमित्रालाही शब्दन् शब्द कळला.

"वहिनी! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला! आत्ताच तुमचा विषय चालला होता. सासूबाईंनी फोटो पाठवलाय, बघितला का तुम्ही? आपल्या दोघींचे डबे त्यांनी एकदमच घेऊन ठेवले होते म्हणे उन्हाळ्यात. माझ्या डब्यावर आज नाव घातलं. सौ. सोनल, मोहदळे. अहो वहिनी, ऐकताय ना? हॅलो? कुठून बोलताय तुम्ही?"